सुमारे वीस

"थांबा. डोकी मोजा."

गाडी निघायच्या आधी काका उघड्या दाराशी उभे राहायचे, उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि आत बसलेल्यांच्या डोक्यांवरून ते हवेतल्या हवेत फिरवायचे. गाडीत असायची तीन माणसं. त्यांतला एक त्यांचाच मुलगा मंदार, स्टिअरिंगवर हात ठेवून कंटाळलेला. तरी मोजायचे. "तीन." मग स्वतः पुढच्या सीटवर बसायचे, पट्टा लावायचे आणि म्हणायचे, "चार. सोडा गाडी."

गेल्या फेब्रुवारीत काका गेले. मॉरिसव्हिलच्या आमच्या टाउनहाउसांच्या रांगेत ते आमच्या शेजारी पाच वर्षं राहिले. काकू गेल्यावर मंदारनं त्यांना रत्नागिरीकडून इकडे आणलं होतं. एकतीस वर्षं एसटीत काढलेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं स्टँडवर कंट्रोलर म्हणून. म्हणजे खिडकीत बसून गाड्यांची नोंद ठेवणारा आणि कर्ण्यातून "गुहागर गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे" असं सांगणारा माणूस. आवाज तसाच राहिला होता. किचनमधून चहा मागितला तरी तो दोन घरं पलीकडे ऐकू जायचा.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या सवयीवर सगळे हसतात आणि ती सवय कुठून आली हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही. क्लबहाउसमध्ये गणपती बसला होता. इथल्या प्रत्येक हॉलच्या भिंतीवर एक पाटी असते: आत जास्तीत जास्त किती माणसांना परवानगी आहे त्याची. काकांना या देशातली सर्वांत आवडलेली गोष्ट ती पाटी. आरती चालू असताना ते माझ्या कानाशी आले. "ऐंशीची परवानगी आहे. एकशे सात आहेत. दारं दोन, आणि त्यातलं एक तुमच्या चपलांनी अडवलंय." मी हसले. काका हसले नाहीत. आरती संपेपर्यंत त्यांनी एकट्यानं सगळ्या चपला बाजूला केल्या होत्या.

आमच्या घरांमागे पावसाचं पाणी साठवायचं एक तळं आहे, मध्ये कारंजं वगैरे. काकांनी त्याच्या काठाला एक काठी रोवली आणि तिच्यावर लाल रंगानं खुणा केल्या. रोज सकाळी जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघायचे. सोसायटीचं पत्र आलं की काठी काढा. मंदारनं काढली. दुसऱ्या दिवशी काकांनी तळ्याच्या दगडावरच खूण केली. "पाणी काय पत्र लिहून येणार आहे का गो?" मला म्हणाले.

मी घरूनच काम करते. अकराच्या सुमाराला उठून तळ्याभोवती दोन फेऱ्या मारायच्या, हा माझा नेम. काका बरोबर यायचे, पण नेहमी माझ्या डाव्या बाजूनं, पाण्यापासून लांब. गावी खाडी ओलांडायला होडी होती, पाच मिनिटांची वाट. काका आयुष्यभर एसटीनं तासाभराचा वळसा घालून पलीकडे गेले. स्वतःच्या लग्नालासुद्धा. वऱ्हाड होडीतून पोचलं आणि नवरदेव मागाहून लाल गाडीतून आला. हे ते स्वतःच सांगायचे आणि ऐकणारे पोट धरून हसायचे.

एका जानेवारीत, तळ्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा असताना, मी सहज म्हणाले, "काका, पाण्याची एवढी भीती कधीपासून?"

ते थांबले. "जन्माच्या आधीपासून," म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी मला ते कार्ड दाखवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं, जुनं, रंगीत चित्राचं पोस्टकार्ड. एक प्रचंड बोट, पांढरीशुभ्र, तीन धुरांडी. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या श्रीमंतांची. आत संगमरवरी पोहण्याचा तलाव, नाचायचं दालन, काचेचा घुमट. काकांचे वडील तिच्यावर नोकरीला होते, पण ते दालन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते तेलवाले होते. म्हणजे बोटीच्या तळाशी इंजिनघरात उभं राहून फिरत्या लोखंडाला तेल घालायचं. कार्डावर त्यांनी शाईनं एक फुली मारली होती, बोटीच्या बुडाकडे, पाण्याच्या रेषेच्याही खाली. बाजूला लिहिलं होतं: मी इथे असतो.

"मी आईच्या पोटात होतो तेव्हा आलेलं," काका म्हणाले. "मग लढाईत ती बोट सरकारनं घेतली. गालिचे काढले, करडा रंग दिला, नाचाच्या दालनात सोल्जरांच्या खाटा. आणि कुठंतरी समुद्रात पाणबुडीनं फोडली. आईला पत्र आलं. गावच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, हरवले आहेत. मेले असं नव्हतं लिहिलं. आईनं कुंकू पुसलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, बोट लेट आहे."

"आणि तुम्हाला काय सांगायची?"

"मला म्हणायची, झोपेत असतील. कळलंही नसेल." त्यांनी कार्ड पिशवीत सरकवलं. "तू कंपुटरवर सगळं शोधतेस. ही बोट शोध. कुठं आहे ती आणि काय झालं. एवढंच."

मी हो म्हणाले. आज वाटतं, तिथंच जरा थांबायला हवं होतं. मंदार मला गाठून म्हणालासुद्धा, "ताई, प्लीज यात पडू नका. त्यांचं हार्ट वीक आहे. ही बोट एकदा डोक्यात शिरली की बाबा दिवसदिवस बोलत नाहीत. लहानपणी मी बघितलंय यार."

बोट सापडायला फार वेळ लागला नाही. सापडली तेव्हा मात्र मी खुर्चीतून उठून उगाच घरभर फिरले. काकांच्या घरी आजवर "कुठंतरी समुद्रात" एवढंच माहीत होतं. ती बोट आमच्याच राज्याच्या किनाऱ्यासमोर बुडाली होती. मॉरिसव्हिलहून गाडीनं पाच तासांवर समुद्र, आणि तिथून पुढं काही मैल.

मी सांगितलं तेव्हा काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे मी चार वर्षं त्यांच्याजवळ येऊन राहिलोय," म्हणाले, "आणि मला पत्ताच नाही." त्या दिवसानंतर त्यांनी तळ्याकडे येणं बंद केलं.

मग मार्चमध्ये ती कागदपत्रं हाती आली. बोट बुडाल्यावर झालेली चौकशी, एका तरुण अधिकाऱ्याची जबानी, सात पानांची. एका परक्या अभिलेखागारानं स्कॅन करून ठेवलेली. दुपारचं जेवण बाजूला ठेवून मी वाचायला बसले आणि चौथ्या पानावर अडकले. ते पान मी तीनदा वाचलं. मग सहा पानं छापली आणि चौथं ड्रॉवरमध्ये टाकलं.

मी वाईट हेतूनं केलं नाही. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्या पानाचा काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं.

काकांच्या किचनमध्ये टेबलाशी बसून मी मराठी करून वाचून दाखवलं. मंदार आणि त्याची बायको शिल्पा ऑफिसला गेलेले. मागे डिशवॉशर चालू होता. काका डोळे मिटून ऐकत होते. सकाळची वेळ होती, समुद्र शांत होता, टॉर्पेडो पुढच्या अंगाला लागला, नावा सोडल्या, सोल्जर बहुतेक वाचले.

"पुढच्या अंगाला?" काका म्हणाले.

"हो."

"इंजिन मागं असतं. मग तिथली माणसं वर का नाही आली?"

"काका, फार पटकन झालं असणार. कुणाला कळलंही नसेल."

"तूच मघाशी वाचलंस, बोट पन्नास मिनिटं तरंगत होती."

काकांनी डोळे उघडले, हात पुढं केला आणि माझ्याकडून कागद घेतले. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण ते वाचत नव्हतेच. कोपऱ्यातले आकडे बघत होते. एकतीस वर्षं ज्यानं कंडक्टरांच्या तिकिटांचे नंबर तपासले त्याच्यासमोर मी हे कागद ठेवले होते.

"तीन," ते म्हणाले. "त्याच्यानंतर पाच."

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

"चौथं पान घेऊन ये गो. मी बसलोय इथं."

मी घरी गेले आणि घेऊन आले. वाचलं. टॉर्पेडो लागल्यावर पाणी आतून बोटीच्या मागच्या भागाकडे शिरू लागलं. बोटीच्या पोटात पाणी अडवणारी लोखंडी दारं असतात, ती वरून एका दांड्यानं बंद होतात. हुकूम आला, या अधिकाऱ्यानं दांडा फिरवला. इंजिनघरातून वर यायची शिडी धक्क्यानं वाकून बसली होती, हे त्याला नंतर कळलं. पाइपातून ठोके ऐकू येत होते. बराच वेळ येत होते. दारं उघडली असती तर बोट तिथल्या तिथं आडवी झाली असती आणि वरचे शेकडो सोल्जर गेले असते, असं त्यानं शपथेवर सांगितलं होतं. खाली सुमारे वीस हिंदी खलाशी असावेत, असंही.

डिशवॉशरमध्ये भांड्यांवर पाणी आपटत होतं. कुठलातरी चमचा राहून राहून वाजत होता.

"ते मशीन बंद कर," काका म्हणाले.

मी बंद केलं. किचन इतकं शांत झालं की मला माझ्याच श्वासाची लाज वाटली.

"शेवटची ओळ परत वाच."

मी वाचली.

"सुमारे?" काकांचा आवाज चढला. त्या घरात मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "सुमारे म्हणजे काय? एकोणीस की एकवीस? मी एकतीस वर्षांत एक गाडी सुमारे सोडली नाही. बोंबलाच्या टोपल्या मोजल्यात मी टपावरच्या! आणि ह्यांनी..." ते उभे राहिले, परत बसले.

त्या आठवड्यात त्यांना दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. मंदार पार्किंगमध्ये माझ्याशी बोलला तो हळू आवाजात, आणि म्हणून जास्त लागलं. "मी तुम्हाला रिक्वेस्ट केली होती ना, ताई?" महिनाभर मी त्यांच्या दारावरची बेल वाजवली नाही.

बेल काकांनीच वाजवली, आमची. हातात वही. "त्यांनी मोजली नाहीत," म्हणाले. "आपण मोजू."

पुढचे चार महिने आम्ही तेच केलं. मी जुन्या खलाशांच्या भरतीच्या याद्या शोधून काढायची. गोऱ्या कारकुनांनी ऐकली तशी लिहिलेली नावं, गावांची पार मोडतोड. काका ती मोठ्यानं वाचायचे, दोनदा, तीनदा, आणि मध्येच चेहरा उजळायचा. "अगो, हे दाभोळ आहे!" मग फोन. गुहागर, जैतापूर, दापोली, सगळीकडे त्यांचे निवृत्त कंडक्टर आणि ड्रायव्हर बसलेले होते. त्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, ज्यावर एरवी फक्त सुप्रभात यायचं. आता त्यावर आजोबा, पणजोबा यायला लागले. कुणाच्या घरी तसंच पत्र ट्रंकेत होतं. कुणाच्या घरात नुसती आठवण, की एकजण बोटीवर गेला होता. अठरा नावं झाली. हिंदू होते, मुसलमान होते. एकाचं गाव काही केल्या लागलं नाही, नाव तेवढं राहिलं.

त्या दिवसांत एकदा त्यांनी विचारलं, "दार लावलं तो पुढं जगला का?"

"म्हातारा होऊन गेला, काका."

त्यांनी वही मिटली. "त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. वरची माणसं वाचवायची तर लावायलाच हवं होतं. मला कळतं ते." मग म्हणाले, "पण दार लावणाऱ्याला निदान आकडा ठाऊक पाहिजे."

सप्टेंबरात त्यांनी समुद्रावर जायचं काढलं. बोट बुडाली तिथून सर्वांत जवळची जमीन म्हणजे एक लांबोडकं बेट, आणि तिथं जायला फेरीशिवाय, म्हणजे गाड्यांसकट नेणाऱ्या बोटीशिवाय, रस्ता नाही. मंदार डॉक्टरांशी बोलला, आणि नको म्हणाला. मग दक्षिणेकडे एक वादळ तयार झालं आणि तो म्हणाला, निदान पुढच्या महिन्यात. काका म्हणाले, "पुढचा महिना मला दिसत नाही. आत्ता चल." हे त्यांनी इतकं साधेपणानं सांगितलं की मंदारनं त्याच रात्री हॉटेल बुक केलं.

आम्ही तिघं गेलो. जाताना फेरीवर काका गाडीतच बसून राहिले, काच खाली, दाराच्या कडीवर हात. गाड्यांच्या रांगेत, डेकवर, एक ब्याऐंशी वर्षांचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावर होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी पाणी पुढं केलं तर मान हलवली.

बेटाच्या समुद्राकडच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. आभाळ पिवळट, वारा जमिनीवरून वाळू ओढून नेत होता. लाटा लांबून येत होत्या, एकीमागे एक, मोठ्या, आणि फुटताना पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटायची. "इथून काही दिसणार नाही बाबा," मंदार म्हणाला.

काकांनी वही काढली. तोंडाशी हाताचा कर्णा केला आणि आपल्या त्या स्टँडवरच्या आवाजात एकेक नाव पुकारलं. नाव, वडिलांचं नाव, गाव. प्रत्येकापाशी थांबून. वारा शब्द उचलून मागे आमच्याकडे फेकत होता, समुद्राकडे काही जात होतं की नाही कोण जाणे. स्वतःच्या वडिलांचं नाव त्यांनी बाराव्या नंबरला घेतलं, यादीत होतं तिथंच, इतरांएवढ्याच आवाजात. मंदारनं तोंड फिरवलं. त्यानं आजोबांचं पूर्ण नाव बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं.

परतताना धक्क्यावर फेरीवरचाच एक नारिंगी जाकिटातला माणूस हात हलवून सगळ्यांना घाई करत होता. ही शेवटची खेप, यानंतर वादळ जाईपर्यंत बंद. पाणी आता काळं झालं होतं आणि फेरी कुशीवर कलून परत सरळ व्हायची. काका या वेळी गाडीत बसले नाहीत. कठड्याला धरून उभे राहिले. पायाखालून इंजिनाची घरघर येत होती. एका वळणावर ती एकदम मंदावली आणि काकांचा हात माझ्या मनगटावर आला, इतका घट्ट की नंतर वळ उठले. घरघर पुन्हा वाढली. त्यांनी हात काढला नाही.

पलीकडे लागल्यावर गाड्या भराभर उतरू लागल्या. पहिले थेंब पडायला लागले होते. मंदारनं हॉर्न दिला. काका जागचे हलेनात. नारिंगी जाकिटवाला धावत आला, सर, तुम्हाला उतरायला हवं.

काकांनी पायाखालच्या डेककडे बोट दाखवलं. "डाउन," म्हणाले. "हाउ मेनी मेन?"

"खाली? दोघं आहेत. का?"

"आय वेट."

तो माझ्याकडे बघू लागला. त्यानं आभाळाकडे पाहिलं, मग काकांच्या चेहऱ्याकडे, आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेली.

डेकवर आता फक्त आमची गाडी राहिली होती. पाऊस आडवा येत होता. थोड्या वेळानं एक लोखंडी झाकण उघडलं आणि त्यातून एक बाई वर आली, पन्नाशीची, पिकले केस, गळ्यात कानावर लावायचे ते मोठे गोळे. ती आमच्याकडे बघत उभी राहिली. काका तिच्या मागे, त्या उघड्या झाकणाकडेच बघत होते. दुसरा येत नव्हता. मंदार गाडीतून उतरून बापाशेजारी येऊन उभा राहिला होता, भिजत.

मग झाकणातून आधी दोन तेलकट हात वर आले, आणि त्यांच्यामागून एक दांडगा, दाढीवाला माणूस. काय झालंय, कुणाला काही लागलंय का, असं काहीतरी विचारत तो घाईनं बाहेर आला आणि फडक्याला हात पुसत थांबला.

काकांनी त्या दोघांना हात जोडले.

त्या माणसाला काय करावं ते कळेना. त्यानं फडकं खिशात कोंबलं, डोक्यावरची टोपी काढली आणि ती छातीशी धरून तसाच पावसात उभा राहिला.